पूर्ण सिनेमा, मुक्काम अंथुर्णे

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "बारामतीला कोण गं तुझं?" कोणी नाही. मी चिपळूणच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे आणि घाटावर माझं नात्यागोत्याचं एक माणूस नाही. मग कशाला गेले होते? सिनेमा बघायला, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे.

तर झालं असं. सिनेमावेड्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात रोज भांडणं होतात. मागच्या वर्षी मी एका डोंगराळ मुलखातल्या सिनेमाची इंग्रजीवरून मराठी अक्षरं तयार केली, म्हणजे माणसं त्यांच्या भाषेत बोलत असताना खाली जी ओळ उमटते ती. दोन महिने रोज संध्याकाळी बसून केली. गोष्ट साधी. दोन भाऊ एक बाजाची पेटी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडतात आणि लग्न होऊन लांब गेलेल्या बहिणीला ती पोचवायला निघतात. चिपळूणला हा सिनेमा दाखवला तेव्हा पाच माणसं आली, त्यातली दोन झोपली. मी ग्रुपवर ते दुःख मांडलं, तर बारामतीच्या दत्ता कोळेकरचं उत्तर आलं, "आमच्याकडं घेऊन या. पण बैठकीत मंजूर व्हावा लागंल."

सिनेमा मंजूर व्हावा लागतो, हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. तीन दिवसांची रजा टाकली आणि निघाले.

शनिवार, बारामती

दत्ता एमआयडीसीतल्या एका दुधाच्या कारखान्यात काम करतो. वय चाळिशीच्या आत, बारीक अंगकाठी, बोलताना पाय सतत हलणारे. त्याची पहिली पाळी सुटायच्या वेळेला मी फाटकासमोरच्या टपरीवर पोचले. भोंगा झाला आणि मोटारसायकलींचा असा लोंढा बाहेर आला की मी बॅग छातीशी धरून टपरीच्या खांबाला चिकटले. त्या लोंढ्यातली एक गाडी माझ्यासमोर थांबली.

"शुभदा मॅडम ना? चहा झाला का?"

उत्तराची वाट न बघता त्याने दोन कप मागवले. आमच्याकडे पाहुण्याला "चहा घेणार का?" विचारतात, पाहुणा "नको नको" म्हणतो आणि मग चहा होतो. इकडे विचारत नाहीत, कप थेट हातात येतो. वेळ वाचतो. वेळ वाचवणं हा दत्ताचा धर्मच आहे, हे मला पहिल्या घोटाबरोबर कळलं.

"तुमी पूर्ण बघता सिनेमा?" त्याने विचारलं. "गाण्यासकट?"

"म्हणजे? दुसरा कसा बघणार?"

"दीडपट स्पीडनं. गाणी पळवायची, मारामारी पळवायची. अडीच तासाचा सिनेमा सव्वा तासात बसतोय. जेवणाच्या सुट्टीत चार दिवस बघितला की उरकतो."

"आणि रडण्याचे प्रसंग?"

"त्ये दुप्पट स्पीडनं. रडणं सगळीकडं सारखंच आसतंय."

माझा चहा नाकात गेला. सिनेमा अंधारात, एका बैठकीत, पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत बघायचा, मध्ये पाणी प्यायलाही उठायचं नाही, अशा मताची मी बाई. दत्ता मात्र गंभीर होता. "वेळ न्हाय आसं न्हाय, मॅडम. चुकीच्या सिनेमाला वेळ न्हाय. पंधरा दिवसांतनं एकदा माझी सुट्टी रविवारी येती. त्या एका रविवारी आमी तिघं मिळून एक सिनेमा मोठ्या पडद्यावर बघतो, नीट स्पीडनं. तो वाया गेला तर पुढचे पंधरा दिवस त्वांड कडू."

मोठा पडदा म्हणजे अंथुर्ण्याला राहणाऱ्या त्याच्या थोरल्या बहिणीकडचा टीव्ही.

आम्ही निघालो. मोटारसायकलवर मागे मी, पाठीवर लॅपटॉप, आणि समोर ऊस वाहणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, प्रत्येकाचं गाणं वेगळं. कोकणातल्या माणसाला हा मुलूख आधी रिकामा वाटतो. डोळा अडवायला डोंगर नाही, उतार नाही. थोड्या वेळाने उसाची हिरवी भिंत दोन्ही बाजूंनी अशी चढते की उलट वाटायला लागतं. आमच्याकडे पाणी वरून कोसळतं आणि पळून जातं, इकडे ते कालव्यातून पाळीपाळीने येतं. पाळी चुकवून चालत नाही. इथली माणसं घड्याळाला इतकी का बांधलेली असतात, ते मला तिथं थोडं कळलं.

शनिवार संध्याकाळ, वालचंदनगर

अंथुर्ण्याच्या आधी दत्ताने गाडी वालचंदनगरकडे वळवली. "तात्यांना भेटल्याबिगर तुमचा सिनेमा पुढं सरकायचा न्हाय."

तात्या म्हणजे भगवानतात्या, बैठकीतले तिसरे, वय चौऱ्याहत्तर. लेथ मशीनवर आयुष्य घालवून निवृत्त झालेले. मुलगा नोकरीत असल्यामुळे अजून कॉलनीतच राहतात. कॉलनी सुरेख आहे. सरळ रस्ते, म्हातारी झाडं, एकसारखी घरं. तात्या पायरीवर बसून चष्मा पुसत होते.

"बसा, बाई. लांबी किती?"

"दोन तास पन्नास मिनिटं."

"पावणेतीन तासाच्या वर." त्यांनी दत्ताकडे बघितलं. "आन् पास कुणी केलाय?"

मी चिपळूणचा अनुभव सांगितला, झोपलेल्या दोघांसकट. खोटं कशाला बोला? तात्या हसले नाहीत. आत गेले आणि एक वही घेऊन आले. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमापुढे त्यांनी शेरा लिहिला होता. "फिनिशिंग चांगलं." "मध्ये ढिला." "जोड दिसतो." शेवटच्या पानावर अकरा नावं होती आणि त्यांच्याभोवती लाल चौकट.

"हे अकरा मी फिरून फिरून बघतो," ते म्हणाले. "नवा माल घ्यायचा, आन् वापरल्यावर कळायचं की रिजेक्ट हाय. माझ्याकडं रिजेक्टला रविवार शिल्लक न्हाईत, बाई."

हे ते हवापाण्याविषयी बोलावं इतक्या सहज बोलले. सत्तरी उलटल्यावर मी नवं पुस्तक उघडीन की जुनंच पुन्हा वाचीन? गाडीवर बसल्यावरही तोच विचार डोक्यात होता.

शनिवार, अंथुर्णे

दत्ता मला बहिणीकडे सोडून गेला. मालनआक्का पंचावन्नच्या आसपास असतील. उंच, खणखणीत आवाजाच्या. नवरा गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टरवर, मुलगी लग्न होऊन गेलेली. चार गाई आणि दीड एकर ऊस आक्का एकट्या बघतात. त्यांनी माझे पाय धुवायला पाणी ठेवलं आणि दोन मिनिटांत मला चुलीपुढे बसवून हातात कुळथाच्या पिठाचा गोळा दिला.

"शेंगोळी येत्यात का?"

कुळीथ म्हटल्यावर मी खूश झाले. आमच्याकडे कुळथाचं पिठलं आणि भात म्हणजे माहेर. पण इकडे ते पीठ लसूण-मिरची घालून मळतात, तळव्यांवर वळून बारीक वेढे करतात आणि तिखट रश्शात शिजवतात. माझ्या शेंगोळ्या करंगळीएवढ्या जाड झाल्या. आक्कांनी त्या वाईट न बोलता बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, "ह्या आपण मांजराला देऊ."

वळता वळता मी माझ्या सिनेमाची वकिली सुरू केली. मला उद्या त्यांचं मत हवं होतं.

"पहिल्या तासात काय हुतं?"

"चालतात. पाऊस येतो, पेटी भिजू नये म्हणून थोरला भाऊ अंगातलं काढून तिच्यावर घालतो."

"आन् शेवट?"

"तो आत्ताच कसा सांगू? उद्या बघाल ना."

आक्का हसल्या. "मी शेवट बघत न्हाय, शुभाताई."

मला वाटलं, दुःखाचे शेवट आवडत नसतील. तसं नव्हतं. बैठक तीन वाजता बसते, चहा होऊन सिनेमा सुरू व्हायला साडेतीन वाजतात. साडेपाचला गाईंची धार काढावी लागते, कारण गावातली डेअरी साडेसहाला दूध घ्यायचं बंद करते. चांदी नावाची गाय दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. म्हणून साडेपाच झाले की आक्का उठतात. पाच-सहा वर्षं ही बैठक चालली आहे आणि त्यांच्याच घरात, त्यांच्याच टीव्हीवर त्यांनी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही.

"दत्ता सांगतो की फोनवर. 'मग त्यो मरतो, आन् ती गावाला जाती, संपला.'"

"आणि तुम्हाला चालतं?"

"चालवून घेते. पंधरा दिवस वैरण कापताना माझा मी शेवट लावते. कधी कधी त्यांच्यापेक्षा बरा लागतो." मग रश्शावर झाकण ठेवून म्हणाल्या, "पण तुजा सिनेमा पावणेतीन तासाचा. म्हंजी चालणं मी बघायचं आन् पोचणं तुमी. मग मी मत कशाला देऊ?"

पूर्ण सिनेमाचा झेंडा घेऊन मी घाट चढून आले होते.

रविवार, अंथुर्णे

सकाळी नऊला दत्ता तात्यांना मागे बसवून आला. बैठक ओट्यावर भरली. इकडे प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या सोसायटीचा सभासद असतो, त्यामुळे तीन माणसांची सिनेमाची बैठकही वार्षिक सभेसारखी चालते. दत्ता सूचक झाला, त्याने माझा ठराव मांडला. अनुमोदकाची जागा रिकामी राहिली. आक्का तांदूळ निवडत होत्या.

"माझी एक दुरुस्ती आहे," मी म्हटलं. "सिनेमा तीनला नाही, दीडला सुरू करायचा. म्हणजे साडेचारच्या आत संपेल आणि आक्कांना शेवट बघता येईल."

तात्या चष्म्यावरून बघायला लागले. दत्ताचे हलणारे पाय थांबले.

"आक्का, तू कधी बोलली न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

"मला वाटायचं, तुला शेवट ऐकायलाच आवडतो."

"तू सांगतोस त्यो शेवट नसतो, दत्ता. निकाल आसतो."

आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं असावं. दत्ता मान खाली घालून बसला. अडचण एवढीच होती की आक्कांचं वैरणीचं काम अडीचपर्यंत चालतं. तात्यांनी वही मिटली. "मग आपण चौघं करू की. काम वाटलं की वेळ निघतो. पण आधी मी माल तपासणार. पाच मिनिटं दाखवा."

मी लॅपटॉप उघडला. पहिल्या पाच मिनिटांत सिनेमात एवढंच घडतं की दोघं भाऊ पेटी गोधडीत गुंडाळतात आणि दोरीने बांधतात. चिपळूणला पहिली जांभई इथंच आली होती. तात्या पडद्याला नाक लावून बघत होते.

"थांबवा," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. "गाठ बघितली? आधी कोपऱ्यावरनं घेतली, मग फास. वजन घेऊन डोंगर चढणारा माणूस आशीच मारणार. खोटं न्हाय हे." ते दत्ताकडे वळले. "अनुमोदन लिही माझं."

ठराव एकमताने मंजूर झाला आणि आम्ही कामाला लागलो. दत्ता आणि आक्का मका कापत होते. तात्या कडबाकुट्टीच्या यंत्रापाशी गेले, पात्याची धार बघून त्यांनी नापसंतीचा आवाज काढला आणि कानस मागवून आधी पातंच घासलं. माझ्याकडे भारे वाहण्याचं काम होतं. तिसऱ्या भाऱ्याला शेताच्या कडेचा पाट ओलांडताना पाय सटकला आणि मी कमरेएवढ्या चिखलात बसले, भारा डोक्यावर तसाच. कोकणात जन्म गेला, चिखलाचं मला कसलं नवल! पण इकडची काळी माती सोडत नाही. आक्का आणि दत्ता दोघांनी ओढून काढलं. पुढचा सगळा दिवस मी आक्कांच्या साडीत काढला. ती मला एवढी लांब होत होती की चालताना दोन्ही हातांनी उचलून धरावी लागत होती.

पावणेदोनला खिडकीवर पोतं टाकलं, दार लावलं, सिनेमा सुरू झाला. माझं लक्ष पडद्यावर नव्हतं, ह्या तिघांच्या तोंडांवर होतं. पाऊस आला तेव्हा आक्का पुढे सरकल्या. दत्ताचा अंगठा दोनदा रिमोटकडे गेला, तात्यांनी दोनदा त्याच्या मनगटावर चापट मारली. धाकटा भाऊ चिडून पेटी वाटेत टाकून चालायला लागतो आणि बऱ्याच वेळाने मुकाट्याने परत येतो, तिथं चिपळूणचे दोघे घोरत होते. इथं कुणी श्वासही मोठा घेतला नाही.

सव्वातीनला लाईट गेली.

"येईल आत्ता," दत्ता म्हणाला. ती काही आली नाही. लॅपटॉपवर बघू, असं मी सुचवलं, पण तात्यांना तेवढी बारीक अक्षरं दिसत नव्हती. वाट बघता बघता वाद पेटला. सिनेमा कुठला बघावा आणि कशासाठी? दत्ताचं म्हणणं, दहा मिनिटांत पकडलं नाही तर सोडून द्यावा. तात्या म्हणाले, पारखलेलाच बघावा. मी म्हटलं, सुरू केला की वाईट असला तरी शेवटपर्यंत बघावा, अर्धवट सोडून त्याला वाईट म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.

"तुमी तिघं बघायच्या वेळेचंच बोलताय," आक्का म्हणाल्या. "मी दोन तास बघते, पण त्यो माझ्याकडं पंधरा दिवस ऱ्हातो. धार काढताना, भाकरी थापताना. ज्यो ऱ्हातो त्यो बघावा. दुसऱ्या दिवशी आठवत न्हाय त्यो दहा मिनिटांचा आसला तरी लांबच की."

तात्यांनी अंधारातच वही चाचपली. हे त्यांना लिहून घ्यायचं होतं.

साडेचार होत आले तरी लाईटचा पत्ता नाही. शेवटी दुधाच्या पालथ्या कॅनवर लॅपटॉप ठेवला, चौघं डोक्याला डोकं लावून बसलो आणि मी अक्षरं मोठ्याने वाचायला लागले. माझीच वाक्यं, दोन महिने घोटलेली. आणि तोंडाने वाचताना कळलं की त्यातली काही पुस्तकी झाली आहेत. "मी अत्यंत थकलो आहे," असं धाकट्याच्या तोंडी होतं. आक्का पटकन म्हणाल्या, "पाय भरून आलं म्हन की." मी पुढच्या सगळ्या ओळी तशाच वाचल्या.

साडेपाचला गोठ्यातून पहिलं हंबरणं आलं. भावांना बहिणीचं गाव समोर दिसायला लागलं होतं. वीस मिनिटं बाकी. आक्का उठल्या. कुणी काही बोललं नव्हतं, त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नव्हतं. पाय आपोआप उठले होते.

"आक्का, बस," दत्ता म्हणाला. "मी काढतो धार."

"चांदी लाथ घालंल."

"घालू दे."

तो खरंच गेला. दोन मिनिटांत बादली आपटल्याचा आवाज आला आणि दत्ता मांडी चोळत दारात उभा राहिला. आक्का हसल्या आणि पदर खोचून म्हणाल्या, "बघा तुमी. मला दत्ता सांगंल."

मी लॅपटॉप मिटला. आयुष्यात मी सिनेमा कधी मध्येच थांबवला नव्हता. "कोणीच बघायचं नाही," मी म्हटलं. "दूध घालून येऊ, मग बघू."

"माझी घरी जायाची येळ?" तात्यांनी स्वतःलाच विचारलं. मग खिशातून फोन काढून मुलाला सांगितलं, "उशीर हुईल. काम हाय."

मग चौघं गोठ्यात. आक्का चांदीखाली बसल्या, तात्यांनी वासरू धरलं, मी बादल्या दिल्या, दत्ताने कॅन गाडीला बांधले, तेही कोपऱ्यावरून घेऊन. साडेसहाला पाच मिनिटं असताना तो डेअरीवर पोचला. परत आला तेव्हा लाईट आली होती. आक्कांनी हातपाय धुतले, कपाळावर कुंकू नीट केलं आणि टीव्हीसमोर मधोमध येऊन बसल्या.

शेवटी काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. भाऊ पोचतात तेव्हा बहीण घरी नसते, रानात असते. ते पेटी ओसरीवर ठेवून बसून राहतात. ती येते, त्यांना बघते, पेटीला बघते. काहीच बोलत नाही. आत जाते, पाणी आणते, चूल पेटवते, दोघांना जेवायला वाढते. ते जेवून लवंडल्यावर हात पुसून पेटीपाशी बसते. पेटीची एक पट्टी वाजत नाही. ती तेवढी पट्टी वगळून वाजवायला लागते.

पडदा काळा झाला. नावं यायला लागली. दत्ता सवयीने उठला.

"बस," आक्का म्हणाल्या. "हे काय हाय?"

"नावं हायत. काम केलेल्यांची. संपला सिनेमा."

"संपला कुठं, आजून चाललाय की. एवढी माणसं लागत्यात व्हय? बस. संपू दे."

दत्ता बसला. आम्ही चौघं, कुणालाही न वाचता येणाऱ्या लिपीतली ती नावं, शेवटच्या नावापर्यंत बघत राहिलो. आक्कांचे डोळे भरले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. अगदी शेवटी, ओळीत एकटं, मराठी अक्षरांत माझं नाव आलं. ते मीच टाकलं होतं आणि विसरूनही गेले होते. दत्ताने ते मोठ्याने वाचलं.

"आधी जेवाय घातलं," आक्का म्हणाल्या. "मी लावलेल्या शेवटात ती आधी रडत हुती. हे बरोबर हाय."

तात्यांनी वही उघडली. शेरा काय लिहिला ते दाखवलं नाही, पण लाल पेन मागून घेतलं.

सोमवार, इंदापूर

आक्का मला इंदापूरपर्यंत सोडायला आल्या. त्यांना बियाण्याच्या दुकानात काम होतं. सकाळी डेअरीच्या रांगेत त्यांनी बायकांना सिनेमा पहिल्यापासून सांगितला होता आणि प्रत्येकीला शेवट वेगळा हवा होता. एकीचं म्हणणं, एक पट्टी वाजत नसलेली पेटी एवढ्या लांब न्यायचीच कशाला? त्यावरून रांग खोळंबली.

स्टँडजवळच्या खानावळीत आक्कांनी मला उजनीच्या पाण्यातली चिलापी खायला घातली. आम्ही समुद्राची माणसं, गोड्या पाण्याच्या माशाला नाक मुरडणारी. पण लाल तिखटात घोळवून कुरकुरीत तळलेला तो मासा मी दोनदा मागितला आणि चिपळूणला हे कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं. आता लिहूनच बसले आहे.

बस लागली. मी खिडकीशी बसले, आक्का खाली उभ्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. डेअरीच्या रांगेतली कोणीतरी असावी, कारण आक्का ओरडून बोलत होत्या, जसं सगळ्या रांगेला ऐकू जावं.

"या की! तिघी या न्हायतर चौघी या. पुढच्या येळपासनं दीडला बसतोय आमी." मग फोन दुसऱ्या कानाला लावून त्यांनी आणखी मोठ्याने सांगितलं, "पण आधी सांगते, मधनं उठायचं न्हाय. नावं संपंस्तवर बसायचं आसंल तरच या."